मर्क्युरी १९४९, माप १/२५: छत कापण्याआधी काय मोजायचं

रेघोटी (धागाकर्ता)

१९४९ ते १९५१ च्या मर्क्युरी कूप या अमेरिकी गाडीचं प्लास्टिकचं किट घेऊन तिचं पूर्ण कस्टम (मनाजोगतं रूपांतर) करायचं असेल, तर त्यासाठी हा धागा. कॅलिफोर्नियात सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांनी १९५२ मध्ये बॉब हिरोहाताच्या १९५१ च्या मर्क्युरीवर जे काम केलं, ते आजही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. छत पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच खाली आणलं, मधला खांब काढून हार्डटॉप केली, आणि जोड असे भरले की मूळ गाडीचा पत्रा कुठे संपतो ते कळू नये. १/२५ मध्ये हेच करताना करवत थोडा वेळ चालते आणि व्हर्नियर खूप वेळ.

या मापात एक मोठी सोय आहे. १ इंच म्हणजे १.०१६ मिमी. म्हणजे खऱ्या गाडीचे इंच तुम्ही सरळ मिमी म्हणून वाचू शकता. ४ इंचांचा चॉप (छत खाली आणणं) म्हणजे ४ मिमी, ३ इंच रुंद पांढरी पट्टी असलेला टायर म्हणजे ३ मिमी पट्टी. मर्क्युरीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ११८ इंच, म्हणजे मॉडेलवर १२० मिमीला जेमतेम कमी. तुमच्या किटची चेसिस आधी यावर ताडून बघा. १/२४ चं किट असेल तर ही सोय नाही, तिथे इंचाला १.०६ मिमी धरावं लागतं आणि ७ इंचांवर जवळपास अर्ध्या मिमीचा फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. चॉप म्हणजे खांबांतून पट्टी कापून छत खाली बसवणं, असं वाटतं. पण खांब उभे नसतात. पुढचा खांब मागे झुकलेला, मागची काच पुढे झुकलेली, बाजू आत कललेल्या. पट्टी काढून छत सरळ खाली आणलं की खालचे खुंट आणि वरचे खांब समोरासमोर येतच नाहीत. किती चुकतात ते कापण्याआधी कागदावर निघतं:

सरक = काढलेली उंची × झुकावाचा टॅन्जंट (झुकाव उभ्या रेषेपासून मोजायचा).

पुढची काच ४० अंश झुकलेली असेल आणि ४ मिमी काढले, तर ४ × ०.८४ = ३.४ मिमी. तेवढं छत पुढे आखूड पडतं. बाजू १० अंश आत असतील तर पुढे दर बाजूला ०.७ मिमी, आणि मागे ७ मिमीच्या कापावर १.२ मिमी. हे कोन तुमच्या बॉडीवरून काढा. बॉडीचा बाजूने, शक्य तितक्या लांबून फोटो घ्या, छापा, आणि त्यावर कोनमापक ठेवा. जवळून घेतलेल्या फोटोत कोन फसवे येतात.

मर्क्युरीत ही तूट भरायची पद्धत ठरलेली आहे. छत पुढच्या खांबांना जुळेल इतकं पुढे घ्यायचं आणि सगळी तूट मागे ढकलायची. मागची काच चौकटीसकट वेगळी कापून काढायची, ती जास्त आडवी झोपवायची, आणि चौकटीच्या भोवतीचा पृष्ठभाग नव्याने बांधायचा. म्हणूनच या गाडीचं छत मागे इतकं सुंदर उतरतं. काच आहे त्याच कोनात ठेवून फक्त खाली दाबली तर मागून टोपी बसवल्यासारखं दिसतं, कितीही पुट्टी लावली तरी.

क्रम असा ठेवा:

१. कापण्याआधी बॉडीच्या आतून दोन आडव्या पट्ट्या चिकटवा. एक डॅशबोर्डच्या रेषेत, दुसरी मागच्या सीटच्या मागे. १.५ × ३ मिमी स्टायरीन (किटचंच प्लास्टिक, पट्टीच्या रूपात) पुरे. छत निघालं की बॉडी बाजूंनी उघडते, आणि अर्धा मिमी उघडलेली बॉडी पुढे कुठल्याच चेसिसवर नीट बसत नाही.

२. खांबांवर मास्किंग टेप गुंडाळून वरची आणि खालची रेषा आखा. पुढचा काप खांबाच्या सरळ भागात घ्या. वरच्या कोपऱ्याच्या गोलाईत घेतलात तर वरचा आणि खालचा छेद वेगळ्या जाडीचा येतो.

३. मागची काच चौकटीसकट, भोवती ३ मिमी पत्रा ठेवून, आधी मोकळी करा. मग मधले खांब, शेवटी पुढचे. पुढचे खांब सगळ्यात नाजूक, ते शेवटपर्यंत छताला धरून राहिले पाहिजेत.

४. करवत ०.१ ते ०.२ मिमी जाडीची, फोटो-एच्ड (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याची). करवतीची जाडीही मोजणीत धरा. दोन काप म्हणजे ०.४ मिमी गेले. रेषेच्या आत कापा आणि कानशीने रेषेपर्यंत या.

५. छत टेपने बसवा, चिकटवू नका. पुढे ४ आणि मागे ७ काढल्यामुळे छत स्वतःही कलतं. मॉडेलवर छताची लांबी साधारण ६० मिमी धरली तर ३ मिमीचा फरक म्हणजे जवळपास ३ अंश. त्यामुळे पुढच्या काचेच्या वरची कड किंचित वर तोंड करते. ती आतून घासून सरळ करावी लागते.

बाजूंची तूट भरायला छत मधोमध उभं चिरून पाचरीसारखी पट्टी घालता येते (वरच्या कोनांनुसार पुढे १.४ मिमी, मागे २.५ मिमी). पण त्याने छताचा माथा सपाट होतो. माझं मत: छत चिरू नका, खांबांचे खुंट आत झुकवा. खुंटाच्या मुळाशी आतून अर्ध्या जाडीपर्यंत खाच घ्या, दाबा, आणि खाचेत पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा द्रव) सोडा.

---

अर्धामिमी

उत्तम धागा. दोन प्रश्न. किटमध्ये आधीच चॉप केलेली मर्क्युरी मिळते, ती का घेऊ नये? आणि मधला खांब काढल्यावर छत फक्त पुढच्या खांबांवर आणि मागच्या भागावर उभं राहतं. ते काम करताना दबत नाही का?

---

रेघोटी

जरूर घ्या, तयार चॉप चांगला असतो. पण तिथे छताची रेषा कंपनीने ठरवलेली असते. कमी-जास्त करायची असेल तर सगळं पुन्हा कापावं लागतं, आणि आधीच बारीक झालेल्या खांबांवर दुसरा काप जमणं कठीण.

दबण्याबद्दल: दबतं. खांब लगेच काढू नका. छत पूर्ण जुळून, चिकटून, पुट्टी घासून होईपर्यंत मधले खांब राहू द्या. ते सगळ्यात शेवटी, प्रायमरच्या पहिल्या थरानंतर कापा. तोपर्यंत छताचे बाकी जोड पक्के झालेले असतात.

---

पितळी

रेघोटींच्या क्रमात एक भर. पुढच्या खांबांचे जोड नुसत्या सिमेंटवर सोडू नका. खांबाची जाडी जेमतेम २ मिमी, त्यात वितळून जोडलेला भाग पॉलिश पेपरच्या दाबाखाली सुटतो. दोन्ही छेदांत पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) ०.५ मिमीचं छिद्र, ३ मिमी खोल, आणि त्यात ०.५ ची पितळी तार. तार सायनोअ‍ॅक्रिलेटने (सुपरग्लूने), भोवतीचं प्लास्टिक सिमेंटने. छिद्रं समोरासमोर येण्यासाठी: एका छेदात तारेचा तुकडा अर्धा मिमी बाहेर ठेवून त्याच्या टोकाला रंग लावा, छत बसवून दाबा, ठसा दुसऱ्या छेदावर उमटतो.

हार्डटॉप केल्यावर खिडकीची चौकटही पितळीच करा. ०.८ ची तार तापवून मऊ करा, ०.५ मिमी प्लास्टिकच्या साच्यावर वळवा, मग कानशीने एका बाजूने सपाट करा म्हणजे अर्धगोल छेद मिळतो. डावी-उजवी एकाच साच्यावर, साचा उलटा करून. हाताने दोन वेगळ्या वळवल्या तर समोरून बघताना गाडी वाकडी दिसते.

---

पुट्टीपुराण

आता भरण्याबद्दल, कारण निम्मी मॉडेलं इथेच बिघडतात, आणि बिघाड रंगानंतर दिसतो.

लॅकर पुट्टी (ट्यूबमधली, एकघटकी) मोठ्या खड्ड्यात भरू नका. ती आतल्या द्रावकाच्या बाष्पीभवनाने सुकते, म्हणजे आकसणारच. शिवाय तो द्रावक पॉलिस्टायरीन मऊ करतो. जाड थर वरून कडक आणि आतून ओला राहतो, आठवड्यांनी खाली बसतो. तिचा उपयोग फक्त ओरखडे आणि टाचणीएवढी छिद्रं यांच्यासाठी.

१ मिमीपेक्षा जास्त खोल जागा आधी स्टायरीनने भरा. पट्टी कापा, चिकटवा, घासा. भरावाचं साहित्य बॉडीच्याच साहित्यासारखं असेल तर घासताना दोन्ही सारख्याच वेगाने झिजतात. मागच्या काचेभोवती तर ०.५ मिमीच्या पट्ट्या एकाला एक लावून फासळ्यांसारखा आकार करा आणि वरून दोनघटकी पॉलिएस्टर पुट्टीचा पातळ थर द्या. पॉलिएस्टर रासायनिक क्रियेने कडक होते, त्यामुळे आकसणं नगण्य. हार्डनर डब्यावर लिहिलंय तितकाच. जास्त घातलात तर पिवळसर डाग प्रायमरमधून वर येतो.

सायनोअ‍ॅक्रिलेट आणि टाल्कम पावडर हे मिश्रणही उत्तम, पण तासाभरात घासा. रात्रभर ठेवलंत तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं, मग भोवतीचं प्लास्टिक झिजतं आणि मधे उंचवटा राहतो.

आणि सिमेंटचे जोड. पातळ सिमेंटने वितळवलेला जोड हाताला दुसऱ्या दिवशी घट्ट लागतो, पण आतला द्रावक निघायला आठवडे लागतात. तोवर जोड बसत राहतो. घाईने रंगवलेल्या मॉडेलवर महिन्याभराने छतावर बारीक रेषा उमटते ती याचीच. किमान दोन आठवडे थांबा. डिहायड्रेटर (मंद उष्णतेचं वाळवणयंत्र) असेल तर ४० ते ४५ अंश सेल्सिअस, त्यावर नाही. त्याहून जास्त उष्णतेत बारीक खांब वाकतात, विशेषतः जर बॉडी कुठे टेकून ताणाखाली असेल.

---

चाकोरी

चॉप झाल्यावर गाडी जमिनीला टेकवायचीच असते, त्याबद्दल लिहितो. सोपा मार्ग म्हणून लोक मागचा अ‍ॅक्सल चेसिसवर वर चिकटवतात. ३ मिमीपर्यंत चालतं, त्यापुढे अ‍ॅक्सल चेसिसच्या दांड्यांत शिरतो. तिथे चेसिस झेड करा. अ‍ॅक्सलच्या पुढे दांडा कापायचा, मागचा भाग ४ मिमी वर उचलायचा, दोन उभे तुकडे घालून जोडायचा. आता डिकीचा तळ ४ मिमी वर येतो, तोही कापावा लागतो. पुढे स्पिंडल (पुढच्या चाकाचा आस) उलटं करून २ मिमी मिळतात, आणखी हवं असेल तर क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा) कापणं आलं.

यापेक्षा जास्त खाली हवी असेल तर चॅनेल करा: फ्लोअर कापून बॉडी चेसिसवरून खाली घसरवायची. पण चॅनेल केलं की आतला टब (सीट आणि फ्लोअरचा एकसंध भाग) वर सरकतो आणि चॉपने छत आधीच खाली आलंय. ४ मिमी चॉप आणि ३ मिमी चॅनेल म्हणजे आतली उंची ७ मिमीने कमी. सीटचं बूड कापा, स्टीअरिंग कॉलम आडवा करा, आणि चाकाची वरची कड काचेच्या खालच्या कडेच्या वर किती दिसते ते छत टेपने लावून बघा. ती निम्म्या काचेपर्यंत आली तर गाडी खेळण्यातली वाटते.

---

टेललाइट

इथे माझा वेगळा सूर. सगळेच चॉप, चॅनेल, सेक्शन एकाच गाडीवर करतात आणि मग गाडीचं प्रमाण हरवतं. मर्क्युरीची बॉडी मुळात जाड आणि गोल आहे, तिचं सौंदर्य त्या जाडीत आहे. सेक्शन करून (बॉडीच्या कंबरेतून आडवी पट्टी काढून) ती बारीक केली तर चाकांच्या कमानी, बंपर, ग्रिल काहीच जुळत नाही. ४-७ चा चॉप, झेड केलेली चेसिस, बाकी फक्त सफाई: हँडलं काढलेली, बॉनेटवरचं आणि डिकीवरचं चिन्ह भरलेलं, हेडलाइट आत बसवलेले. १९५३ च्या डिसोटो गाडीचे ग्रिलचे दात घाला, ते या तोंडाला शोभतात. इतकं पुरे.

---

अर्धामिमी

हेडलाइट आत बसवायची रीत सांगाल का? रिंग आणि फेंडर यांच्यामधली कड दर वेळी लहरी येते.

---

टेललाइट

रिंग फेंडरला चिकटवून बाहेरून पुट्टी भरली की तसंच होतं, कारण कड पुट्टीची असते आणि पुट्टीची कड कधीच धारदार राहत नाही. कड प्लास्टिकची हवी. हेडलाइटच्या बाहेरच्या व्यासाची स्टायरीन नळी घ्या, फेंडरमधलं भोक तिच्या मापाचं करा, आणि नळी फेंडरच्या ३ मिमी पुढे काढून चिकटवा. नळी आणि फेंडर यांच्यामधला कोपरा भरा. पूर्ण सुकल्यावर नळीचं तोंड फेंडरच्या बाजूच्या रेषेला समांतर, तिरपं कापा. कड नळीची, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. दोन्ही नळ्या एकाच सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून एकदम घासा, म्हणजे कोनही सारखा.

---

रेघोटी

टेललाइटांशी सेक्शनबद्दल सहमत. धागा काचेपर्यंत आलेला नाही, ते महत्त्वाचं राहिलंय.

किटची काच चॉपनंतर जवळपास निरुपयोगी असते. ती कापून बसवण्याचा मोह होतो, पण जाड पारदर्शक पॉलिस्टायरीन कापताना तडकतं आणि कडेला भिंगासारखं वाकवून दाखवतं. एकाच दिशेने वळलेल्या काचेला ०.२५ ते ०.३ मिमी पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा) पुरेसं. आधी कागदाचा साचा कापून बसवा, मग त्यावरून प्लास्टिक. दोन दिशांनी वळलेली मागची काच मात्र तापवूनच ओढावी लागते, आणि त्यासाठी साचा हवा. हा साचा रंगाच्या आधी करा. छत पक्कं झालं की चौकटीत आतून टेप लावा, बाहेरून दोनघटकी इपॉक्सी पुट्टी भरा, बॉडीच्या वळणाला घासा, काढा. तोच साचा. रंगवलेल्या बॉडीत पुट्टी भरून साचा काढणं म्हणजे रंगाची कड गेलीच.

चिकटवायला कॅनपी ग्लू (सुकल्यावर पारदर्शक होणारा गोंद) किंवा पातळ केलेला पीव्हीए (पांढरा गोंद). सायनोअ‍ॅक्रिलेटच्या वाफेने काच आतून धुरकट होते, आणि छत बंद झाल्यावर ते पुसायला आत हात जात नाही.

---

रंगखोली

रंगाबद्दल मी लिहितो. या गाडीला कँडी (चंदेरी-सोनेरी तळावरचा पारदर्शक रंग) शोभतो आणि कँडी सगळ्या चुका दाखवतो.

किट लाल प्लास्टिकचं असेल तर आधी एक गोष्ट. लाल रंगद्रव्य लॅकरच्या द्रावकात विरघळून वर येतं, पांढऱ्या प्रायमरवर गुलाबी छटा दिसते. प्रायमरखाली चंदेरी लॅकरचा अडथळा थर द्या.

प्रायमर १००० च्या दर्जाचा, घासून १५०० चा. तपासणीसाठी मधे एक हलका काळा धुरळा फवारा आणि ८०० ने घासा. काळं राहील तिथे खड्डा, पांढरं उघडं पडेल तिथे उंचवटा.

मग तळाचा चंदेरी किंवा सोनेरी. इथे सगळ्यात जास्त चूक होते: जाड कणांचा मेटॅलिक. खऱ्या गाडीवर बारीक दिसणारा कण १/२५ मध्ये २५ पट मोठा दिसतो. बाजारातला सर्वात बारीक कणांचा चंदेरी घ्या, ०.३ नोझल, १५ ते २० पीएसआय, आणि ओला थर देऊ नका, कण वाहून गोळा होतात.

कँडी पारदर्शक असतो, म्हणून रंगाची गडदता ही थरांच्या संख्येवर ठरते. दरवाजे, बॉनेट, डिकीचं झाकण, सगळं बॉडीत जागेवर टेपने आतून धरून एकाच बैठकीत रंगवा. वेगळं रंगवलं तर थरांचा हिशोब चुकतो आणि दरवाजा एक छटा गडद येतो. प्रत्येक फटकाऱ्यात निम्मं आच्छादन, सुरुवात आणि शेवट बॉडीच्या बाहेर. कडांवर दोन दिशांचे फटकारे एकत्र येतात, तिथे रंग साचतो. म्हणून छताच्या कडा आधी हलक्या, मग मधला भाग. आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर १, २, ३ असे ८ थरांपर्यंत नमुने करून ठेवा. त्यातला जो आवडेल तितकेच थर बॉडीवर.

दोन रंगी करायचं असेल तर कँडीवर थेट मास्किंग नको. डाययुक्त कँडी वरच्या फिक्या रंगात झिरपतो. फिका रंग खाली, गडद वर, आणि मधे क्लिअरचा (रंगहीन वॉर्निशचा) थर.

टूके (दोनघटकी) क्लिअर वापरणाऱ्यांना: हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा येणारा मास्क नसेल, किंवा हवा बाहेर फेकणारा बूथ नसेल, तर ते काम सोडा आणि लॅकर क्लिअरवर समाधान माना. लॅकरलाही सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज आणि खेळती हवा लागतेच.

---

पितळी

उघडणाऱ्या दरवाज्यांची फट राहिली. खऱ्या गाडीत ५ मिमी, म्हणजे मापात ०.२ मिमी. पण प्रायमर, कँडी आणि क्लिअर मिळून दर कडेला ०.१ मिमीच्या आसपास जाडी येते, दोन्ही कडा धरून ०.२. म्हणजे ०.२ ची फट रंगाने पूर्ण बंद होते आणि दरवाजा उघडताना कडेचा रंग निघतो. रंगाआधी फट ०.४ ठेवा. दिसायला बेढब वाटते, रंगानंतर बरोबर येते.

---

अर्धामिमी

@रंगखोली, पॉलिश करताना कडांचा रंग जातो, त्यावर उपाय?

---

रंगखोली

कडांवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो, कारण ओला रंग पृष्ठताणामुळे कडेपासून मागे ओढला जातो. घासण्याआधी सगळ्या कडा आणि बॉडीवरच्या उठलेल्या रेषा १ मिमी रुंद टेपने झाका. मधला भाग ३००० पासून १२००० पर्यंत ओल्या पेपरने घ्या. मग टेप काढा आणि कडेवर फक्त शेवटची दोन, ८००० आणि १२०००, बोटाच्या टोकाने, दाब न देता. कंपाउंड लावताना कापड कडेकडून आत नाही, आतून कडेच्या बाहेर फिरवा. दरवाज्यांच्या कडांना तर पॉलिश लागतच नाही, तिथे सावली असते.

आणि बेअर-मेटल फॉइल (क्रोमच्या पट्ट्यांसाठीचा चिकट, पातळ धातूचा पापुद्रा) पॉलिशनंतर लावा. आधी लावलंत तर कंपाउंड फॉइलच्या कडेखाली शिरतं आणि पांढरी रेघ कायमची राहते. फॉइल कापताना नवीन पातं, आणि दाब इतकाच की फॉइल कापलं जाईल. त्याखालचा क्लिअर कापला गेला तर ओरखडा कँडीपर्यंत जातो, तो नंतर भरता येत नाही.